वेगळं ठेवलं म्हणजे परकं केलं का?



या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण आला आपल्याच परिवारातून. गुरुवारचा सत्संग संपल्यावर एका आजींनी आमच्याकडे तक्रार केली. तक्रार सुनेची होती आणि कारण होतं मासे. त्यांच्या विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये अडीच फुटांची काचेची टाकी आहे, चार-पाच वर्षांची जुनी, आतले मासे चांगले रुळलेले. नातवाच्या वाढदिवसाला आणखी चार मासे आणले. दुकानदार म्हणाला, पिशवी फोडा आणि सोडा. सुनेने सोडले नाहीत. बाल्कनीत प्लास्टिकच्या टबात ठेवले आणि घरात सांगून टाकलं, की दोन आठवडे यांचं बिऱ्हाड वेगळं. आजींना हे पटेना. "अहो, आलेल्या जिवाला उंबऱ्याबाहेर बसवायचं? आपण काय शिकतो, सगळ्यांत चैतन्य एकच. मग हा भेद कशाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही सेवेतल्या चार-पाच जणी त्यावर आठवडाभर बोलत होतो. कुणी आजींच्या बाजूने, कुणी सुनेच्या. बोलता बोलता लक्षात आलं, की गोष्ट चार माशांची नाही. आपल्या भरलेल्या घरात कुणी नवीन आलं, की त्याच्याशी नीतीने कसं वागायचं, हाच तो प्रश्न आहे.

आधी आजींचं म्हणणं. ते चुकीचं आहे असं आम्ही म्हणणार नाही. पाहुणा आला तर आधी पाण्याचा तांब्या, मग चौकशी, ही आपली रीत. संशयाने दार किलकिलं करून बघणारं घर कुणाला आवडतं? आणि वेगळं बसवण्याचा आपल्या समाजाचा इतिहास काही अभिमानाचा नाही. वेगळी कपबशी, वेगळा माठ, अंगणातूनच बोलणं. आजींच्या मनात कुठेतरी तेच खुपत असणार. म्हणूनच "वेगळं" हा शब्द ऐकून ज्यांना टोचतं त्यांचं मन शाबूत आहे असं आम्हाला वाटतं.

पण टाकी म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्यायला हवं. आपल्याला काच, पाणी, वाळू आणि मासे दिसतात. खरी वस्ती डोळ्यांना न दिसणारी असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया त्यांच्यासाठी विषच. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर बारीक जिवाणू वाढलेले असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सोसण्यासारखं. ते आपण आठवड्याला पाव भाग पाणी बदलून कमी करतो. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जुनी टाकी हे लागलेलं दही आहे म्हणा ना. आणि त्यातले जिवाणू जेवढे मासे आहेत तेवढ्यांच्याच मापाचे असतात. एकदम दहा मासे वाढवले तर त्यांना तेवढं काम झेपत नाही, अमोनिया साठतो, आणि नव्यांबरोबर जुनेही तोंड वर काढून हवा शोधायला लागतात. म्हणून दोन-चार मासे आणावेत, मग काही आठवडे थांबावं. चारजणांच्या स्वयंपाकात अचानक बारा पानं मांडली, की कुणाचंच पोट भरत नाही. त्यात पाहुण्यांचा दोष नसतो.

ही झाली संख्येची गोष्ट. दुसरी रोगाची, आणि ती जास्त अवघड. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा एक रोग होतो. अंगावर, परांवर मिठाचे किंवा रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसतात. दुकानात त्याला "इक" म्हणतात. त्याचा जंतू माशाच्या कातडीखाली वाढतो, काही दिवसांनी गळून तळाशी जातो, तिथे स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या एकाचे शेकडो होतात. ते शेकडो पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. दोनेक दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषधही याच पोहणाऱ्या अवस्थेत लागू पडतं. कातडीखाली असताना नाही, कवचात असतानाही नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की औषध बंद करणारे फसतात.

आता बघा, नदीत हाच रोग झाला तर तळाशी पडलेल्या कवचापासून मासा केव्हाच दूर गेलेला असतो. ऐंशी-नव्वद लिटरच्या टाकीत तो जाणार कुठे? त्या शेकडो पिल्लांना तोच मासा पुन्हा सापडतो, त्याचे शेजारीही सापडतात. नदीतल्या माशाला पळून जाता येतं. आपण काचेत ठेवलेल्याचं पळणं आपणच काढून घेतलं आहे. आमच्या मते सगळी जबाबदारी इथूनच सुरू होते. ज्याला निघून जाता येत नाही त्याच्याजवळ कुणाला आणून ठेवायचं, हे ठरवणाऱ्याने दोनदा विचार केला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आजींना सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. वेगळं ठेवणं हे फक्त जुन्यांना जपण्यासाठी नसतं. नवा मासा कुठल्या तरी तळ्यातून ठोक बाजारात, तिथून दुकानात, तिथून पिशवीत असा दमून आलेला असतो. दमलेल्या शरीराची ताकद कमी झालेली असते. जुन्या टाकीतल्या माशांच्या अंगवळणी पडलेले जंतू त्यांना काही करत नाहीत, पण या थकलेल्याला पाडू शकतात. शिवाय खाण्यासाठी जुन्यांशी झोंबाझोंबी करायची ताकद त्याच्यात नसते. बाळंतिणीची खोली वेगळी का असायची? तिला घराबाहेर काढलेलं नसायचं. घरातल्या गडबडीपासून तिला आणि बाळाला थोडे दिवस उसंत मिळावी म्हणून ती खोली. त्या खोलीत शेक जायचा, डिंकाचे लाडू जायचे, रात्री कुणीतरी उठून बघायचं.

या बाबतीत आपला नल्लकुंटा भाग आपल्याला पुष्कळ शिकवतो. तेलुगूत "नल्ल" म्हणजे काळं आणि "कुंटा" म्हणजे लहान तळं. म्हणजे आपला पत्ताच काळ्या तळ्याचा आहे, आता तिथे तळं शोधून सापडत नसलं तरी. आणि याच नल्लकुंट्यात फीवर हॉस्पिटल आहे. जुने रिक्षावाले, भाजीवाल्या अजूनही त्याला "कोरंटी दवाखाना" म्हणतात. आपल्यातल्या कित्येकांना वाटतं, कोरंटी हे फुलाचं नाव असेल. तो शब्द "क्वारंटाइन"चा आहे, इथल्या जिभेवर घोळून गोल झालेला. मूळ शब्द इटलीतल्या व्हेनिसकडचा, अर्थ चाळीस दिवस. प्लेगच्या काळात बाहेरून आलेल्या गलबतांना बंदरात तितके दिवस थांबवून ठेवत. त्याआधी समुद्रापलीकडच्या रागुसा शहराने, ज्याला आज दुब्रॉव्हनिक म्हणतात, १३७७ साली तीस दिवसांचा नियम केला होता. आपल्या या दवाखान्याला सर रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे. त्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी इथेच सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. कुणी स्वतः धडधाकट दिसत असूनही आपल्याबरोबर दुसऱ्याचा रोग वाहून नेऊ शकतो, हे त्यानंतर जगाला पुन्हा पुन्हा कळत गेलं. वाहणाऱ्याचा त्यात गुन्हा नसतो, हे मात्र माणसाला अजून पुरतं कळलेलं नाही.

२०२० साल आठवा. परदेशातून, पुण्या-मुंबईहून मुलं घरी आली आणि वरच्या खोलीत चौदा दिवस राहिली. जिन्याच्या पायरीवर ताट ठेवून आपण चार पावलं मागे सरकायचो. ते ताट ठेवताना कुणाच्या मनात मुलाचा तिटकारा होता का? उलट त्या दिवसांत भाजी आवडीचीच व्हायची. पण त्याच अपार्टमेंटांमध्ये दुसरंही घडलं. दवाखान्यात काम करणाऱ्या नर्सला घर खाली करा म्हणणारी माणसंही आपल्याच शहरात होती. दोन्हीकडे अंतर तेच, सहा फुटांचं. तरी एक माया होती आणि दुसरा निव्वळ स्वार्थ.

मग फरक कशाने ओळखायचा? आम्हाला सुचलं ते असं. विलगीकरणाला तारीख असते. पंधराव्या दिवशी दार उघडणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. विटाळाला तारीख नसते. तो जन्माला चिकटवलेला असतो आणि कितीही पिढ्या गेल्या तरी संपत नाही. विलगीकरणात वेगळं ठेवणाऱ्यावर काम वाढतं, दोन पाणी बदला, दोन ठिकाणी खायला घाला. विटाळात काम वेगळ्या ठेवलेल्यावर पडतं. आणि विलगीकरण सगळ्यांना एकच असतं. महागडा डिस्कस मासा आणला म्हणून सूट नाही, वीस रुपयांचा गप्पी म्हणून जास्त कडक नाही. आमच्या एका सेवेकरी ताईंनी इथे चांगला टोला मारला. म्हणाल्या, "अमेरिकेहून आलेल्या भाच्याला मिठी आणि कामवालीला आधी हात धुवायला लावायचं, याला क्वारंटाइन म्हणत नाहीत." खरंच आहे.

आजींना शास्त्राचा आधार हवा होता, तोही आहे. शतपथ ब्राह्मणात मनूची कथा येते. सकाळी हात धुताना ओंजळीत एक लहानगा मासा आला. म्हणाला, मला सांभाळ, आम्ही लहान असतो तोवर मोठे मासे आम्हाला गिळतात. मला आधी घड्यात ठेव, मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, मग समुद्रात सोड. मनूने तसंच केलं. पुढे प्रलयात याच माशाने त्याची नाव ओढली, ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्या आधीचा घडा आपण विसरतो. मनूने त्याला "सगळे जीव सारखे" म्हणून लगेच समुद्रात ढकललं नाही. त्याची ताकद बघून त्याला जागा दिली. मोठा लहानाला गिळतो, या न्यायाला आपल्याकडे मत्स्यन्याय असं नावच आहे. राजा कशासाठी हवा, तर हा न्याय चालू नये म्हणून, असं जुने ग्रंथ सांगतात. टाकीपुरते राजे आपणच.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. पुष्कळ जणांनी विचारलं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वीस-पंचवीस लिटरचा स्वच्छ टब चालतो, साबण कधी न लागलेला. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावायचा. नव्या स्पंजात जिवाणू नसतात, म्हणून जुन्या टाकीच्या फिल्टरमधला तुकडा त्यात ठेवायचा, विरजण लावतो तसंच. टबाची जाळी वेगळी, पाइप वेगळा. एकच जाळी दोन्हीकडे फिरवली तर टब ठेवून न ठेवल्यासारखंच. लपायला एखादं मातीचं कुंडं आडवं ठेवावं. वर झाकण हवं, घाबरलेला मासा उडी मारतो. टब उन्हात ठेवू नये, एप्रिल-मेमध्ये बाल्कनीत तर नकोच.

आपल्याकडे नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो कल्ले जाळतो आणि स्पंजवरच्या जिवाणूंनाही मारतो. पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावं किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध मापाने घालावं. ज्यांच्याकडे बोरचं पाणी आहे त्यांना क्लोरीनची भीती नाही, पण ते बहुधा जड असतं. दुकानातल्या पाण्याहून ते वेगळं असेल तर मासा हळूहळू सवय करून घेतो, एकदम नाही. म्हणून पिशवी आणल्यावर ती बंदच पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार-गरम होतं. मग उघडून थोडं थोडं टबातलं पाणी पिशवीत घालायचं, अर्ध्या तासात उरकायचं. पिशवी उघडून तासन् तास ठेवू नये. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पाणी जरा आंबट झालेलं असतं, उघडल्यावर ते बदलतं आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. शेवटी मासा जाळीने उचलून घ्यायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

दोन आठवडे कमीत कमी. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असलं, की ठिपक्यांच्या जंतूचं चक्रही मंदावतं, तेव्हा तीन-चार आठवडे धरावेत. रोज बघायचं काय? खातो का, पर मिटून बसतो का, दगडाला अंग घासतो का, श्वास फार भरभर चालला आहे का. काही दिसलं नाही तर उगीच औषध ओतू नये. आणि दिसलं, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. नातवंडांना हे मोजायला द्यावं. टबावर कागद चिकटवून रोज एक रेघ.

शेवटच्या दिवशी मासा टाकीत सोडताना जुन्यांचा स्वभाव दिसतो. एरवी शांत असणारे अंगावर धावून जातात. कारण जागा वाटून झालेल्या असतात, हा दगड माझा, तो कोपरा तुझा. याला एक जुनी युक्ती आहे. नव्याला सोडण्याआधी आतले दगड, झाडं, कमानी सगळं हलवून ठेवायचं. मग घर सगळ्यांनाच नवं होतं. हक्काचा कोपरा कुणाचाच उरत नाही, प्रत्येक जण आपली जागा पुन्हा शोधायला लागतो, आणि त्या गडबडीत नवाही सामावतो. जुन्यांना आधी खायला घालावं, दिवा बंद करावा, सोडावं संध्याकाळी. एकटा सोडण्यापेक्षा दोन-तीन एकदम सोडले तर मार वाटला जातो.

नव्या सुनेच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. घरातला एकही डबा जागचा हलवत नाही आणि तिनेच जुळवून घ्यावं म्हणतो. असो, तो स्वतंत्र लेख होईल.

काही मासे मात्र कितीही दिवस वेगळे ठेवले तरी एकत्र नांदणार नाहीत. टायगर बार्ब एंजलचे आणि गप्पीचे लांब पर कुरतडतो. मोठा झालेला एंजल निऑन टेट्राला खातो. फायटरचे दोन नर एका पाण्यात ठेवणं म्हणजे झुंज लावणंच. गोल्डफिशला गार पाणी लागतं, बाकीच्यांना कोमट. हा स्वभाव आहे, पाप नाही. त्यांना एकत्र आणणाऱ्याला मात्र आपण काय करतो आहोत हे कळायला हवं. आणि निऑनसारखा थव्याने राहणारा मासा एकटा आणणं हीसुद्धा हिंसाच. त्याला मारणारं कुणी नसतं, तरी तो भीतीने खंगतो. निदान सहा तरी हवेत.

अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत मासाही आहे. जिभेच्या लोभाने गळाला लागतो, म्हणून तो गुरू. टाकीत मात्र लोभ आपला असतो. दुकानात एक निळा दिसला, एक पिवळा दिसला, घेऊ या. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चिमूटभर खाणं टाकतो, उरलेलं तळाशी कुजतं. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालावं.

आता जे लिहितो ते काहींना आवडणार नाही. आपल्या परिवारातल्या बऱ्याच घरी टाकी वास्तूसाठी ठेवलेली आहे. आठ सोनेरी, एक काळा. त्यातला काळा मेला की म्हणतात, "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं," आणि दुसऱ्या दिवशी नवा काळा मासा येतो. थेट टाकीत. कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, पण विचार करा. तो कदाचित अमोनियाने गेला, कदाचित नवा मासा न थांबवता सोडला त्याच्या रोगाने गेला. आपण त्याला त्यागाचं पदक दिलं आणि पाणी काही तपासलं नाही. मग दुसरा गेला, तिसरा गेला. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. ज्या घरात वर्षाला पाच-सहा "संकटं" मासे घेऊन जातात, त्या घरातल्या फिल्टरकडे कुणीतरी बघायला हवं. आपल्या निष्काळजीपणाचा हिशेब एका मुक्या जिवाच्या पुण्याईत मांडणं, याला श्रद्धा म्हणायला आमचं मन धजत नाही.

दुसरं, "सोडून देण्याचं" पुण्य. मासा फार मोठा झाला, किंवा बदलीचं पत्र आलं, की लोक तो हुसेन सागरात नाहीतर गावच्या तलावात सोडतात आणि मोकळं केलं म्हणून समाधान मानतात. काच चाटत राहणारा सकर मासा दुकानात बोटाएवढा असतो, वाढून फूटभराच्या वर जातो. तो मूळ दक्षिण अमेरिकेचा. आपल्या तळ्या-नद्यांत तो पसरला आहे. हबसीगुड्याच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी पूर्व घाटातल्या पाण्यात त्याच्या खुणा शोधून काढल्या आहेत. त्याच्या अंगावरच्या काटेरी कवचाने कोळ्यांची जाळी फाटतात, आणि जाळ्यात येतो तेव्हा त्याला बाजारात कुणी घेत नाही. आपण एका टाकीची जागा मोकळी केली, आणि त्या तळ्यावर पोट असलेल्या माणसाचं जाळं फाडलं. नव्याला जुन्या पाण्यात विचार न करता सोडणं हे टाकीत जेवढं वाईट, तेवढंच तलावात. तिथे तर चौदा दिवसांचा टबही नसतो आणि परत काढायला जाळीही पुरत नाही.

मासा ठेवणं जमत नसेल तर दुकानदाराला परत द्यावा, बरेच जण घेतात. किंवा आपल्या ग्रुपवर लिहावं, टाकीचं माप आणि माशाची जात सांगून. ज्यांच्या घरी जागा आणि रिकामा टब दोन्ही आहेत, ते कळवतील.